पद परत मिळाले, ज्येष्ठतेचे काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्रान्सच्या संसदेने एका लष्करी अधिकाऱ्याच्या बढतीवर शिक्कामोर्तब केले. हा अधिकारी १९३५ साली निवर्तला होता. नाव आल्फ्रेड ड्रेफस. २ जून २०२५ रोजी कनिष्ठ सभागृहात त्याच्याविषयीचे विधेयक मतास आले आणि मतदान करणाऱ्या सर्वच्या सर्व १९७ सदस्यांनी त्याला संमती दिली. ६ नोव्हेंबरला सिनेटनेही ते एकमताने संमत केले आणि १७ नोव्हेंबरला कायदा जारी झाला. लेफ्टनंट कर्नल ड्रेफस मरणानंतर नव्वद वर्षांनी ब्रिगेडियर जनरल झाला.

ड्रेफसची कथा वाचकांना ढोबळमानाने ठाऊक असते. खोट्या आरोपावरून शिक्षा झालेला ज्यू अधिकारी, त्याच्यासाठी लेखणी उचलणारा एमिल झोला, आणि शेवटी सत्याचा विजय, अशी ती सांगितली जाते. विजय झाला हे खरेच आहे. परंतु विजयानंतरचा हिशेब सहसा कुणी तपासत नाही. तो तपासला तर ध्यानात येते की, १९०६ साली या माणसाला निर्दोषत्व मिळाले, गणवेश मिळाला, पदक मिळाले, वरचा हुद्दासुद्धा मिळाला. मिळाली नाही ती ज्येष्ठता. आणि तेवढ्या एका उणिवेपायी तो सव्वा वर्षात सैन्य सोडून घरी गेला.

सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्यांना ज्येष्ठता म्हणजे काय हे सांगावयास नको. माझे वडील एका कचेरीत नोकरीला होते. त्यांच्या बढतीच्या ‘मानीव दिनांका’चा विषय मी प्राथमिक शाळेत असताना घरात सुरू झाला आणि त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारापर्यंत तो मिटला नव्हता. त्यात प्रश्न पैशाचा फारसा नव्हताच. आपल्या हाताखाली शिकलेला माणूस आपल्या आधी साहेब झाला, आणि तो का झाला याचे कारण कुणी लेखी देत नाही, हा सल होता. आम्हां मुलांना त्या वेळी हा हट्ट वाटे. आज तसा वाटत नाही.

सैन्यात तर ज्येष्ठता ही कागदावरील नोंद राहतच नाही. ती प्रत्येक दिवसाच्या वागण्यात उतरते. दोन अनोळखी अधिकारी कुठे लग्नसमारंभात भेटले तर पहिल्या दोन वाक्यांतच ‘कोणता कोर्स?’ हा प्रश्न येतो. उत्तर मिळाले की कुणी कुणाला ‘सर’ म्हणायचे ते ठरते, आणि मग पुढची चार दशके ते बदलत नाही. माझ्या परिचयाचे एक निवृत्त कर्नल म्हणतात की, पगार कमी मिळाला तर माणूस चडफडतो, पण कालपर्यंत जो आपल्याला ‘सर’ म्हणत होता त्याला आपण ‘सर’ म्हणायची वेळ आली की माणूस आतून मोडतो. बहुतेक जण अशा वेळी निवृत्तीचा अर्ज देतात. ड्रेफसनेही तेच केले.

ड्रेफसचे पूर्वायुष्य आठवणीसाठी थोडक्यात पाहू. अल्सास प्रांतातील म्युलूझ या गावी १८५९ साली त्याचा जन्म झाला. १८७०-७१ च्या युद्धानंतर हा प्रांत जर्मनीने घेतला, तेव्हा त्याच्या कुटुंबाने फ्रेंच राहणे पसंत केले. तोफखान्यात तो अधिकारी झाला, १८८९ साली कॅप्टन झाला, युद्धशास्त्राच्या वरिष्ठ विद्यालयातून नवव्या क्रमांकाने बाहेर पडला आणि थेट सेनामुख्यालयात उमेदवारीवर आला. ज्याच्या पुढे मोठी कारकीर्द आहे असा हा तरुण. १८९४ च्या ऑक्टोबरात जर्मन वकिलातीत सापडलेल्या एका चिठोऱ्यावरील हस्ताक्षर त्याचे आहे असे ठरवून त्याला पकडण्यात आले. लष्करी न्यायालयासमोर आरोपी वा त्याचा वकील यांना न दाखविलेले एक गुप्त बाड ठेवले गेले आणि जन्मठेप झाली. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या सैनिकी विद्यालयाच्या प्रांगणात सर्वांसमक्ष त्याच्या गणवेशावरील चिन्हे ओरबाडून काढण्यात आली, तलवार मोडण्यात आली. व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्राचा प्रतिनिधी म्हणून थिओडोर हर्झल त्या दिवसांत पॅरिसमध्ये होता. पुढे झायोनवादी चळवळ त्यानेच उभी केली. ड्रेफसची रवानगी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या डेव्हिल्स आयलंड या बेटावर झाली. तेथे त्याने चार वर्षांहून अधिक काळ एकांतवासात काढला. काही आठवडे तर रात्री त्याचे पाय खाटेला जखडून ठेवले जात.

आता या कथेत दुसरा अधिकारी येतो. लेफ्टनंट कर्नल जॉर्ज पिकार १८९५ साली गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी त्याला आढळले की, खरा हेर एस्तराझी नावाचा अधिकारी आहे आणि ते हस्ताक्षर त्याचे आहे. पिकारला स्वतःला ज्यूंविषयी प्रेम होते असे नाही. त्याची मते त्या काळातील सर्वसामान्य फ्रेंच अधिकाऱ्यासारखीच होती. तरीही त्याने वरिष्ठांना सत्य सांगितले. फळ असे मिळाले की त्याला ट्युनिशियात धाडण्यात आले, १८९८ साली सैन्यातून काढण्यात आले आणि जवळपास वर्षभर तो कोठडीत राहिला. त्याच वर्षी एस्तराझी निर्दोष सुटला, झोलाचे खुले पत्र क्लेमान्सोच्या वृत्तपत्रात छापून आले, आणि ड्रेफसविरुद्ध बनावट कागद तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने भांडे फुटल्यावर आत्महत्या केली. १८९९ साली रेन शहरी फेरखटला झाला आणि लष्करी न्यायालयाने ड्रेफसला पुन्हा दोषी ठरविले, मात्र ‘सौम्य करणाऱ्या परिस्थितीसह’! देशद्रोहाला सौम्य करणारी परिस्थिती कोणती, हे आजतागायत कुणी सांगू शकलेले नाही. राष्ट्राध्यक्षांनी दहा दिवसांत त्याला माफी दिली. निर्दोषत्वासाठी मात्र १२ जुलै १९०६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि खटला पुन्हा चालविण्याचे कारण उरत नाही असे स्पष्ट केले.

दुसऱ्याच दिवशी, १३ जुलैला, संसदेने दोन कायदे संमत केले. एक ड्रेफससाठी, दुसरा पिकारसाठी. दोघांनाही सैन्यात परत घेण्यात आले, दोघांनाही वरचा हुद्दा देण्यात आला. वरवर पाहता एकाच मापाने दोघांना न्याय मिळाला. परंतु दोन्ही कायद्यांतील तारखा शेजारी ठेवून वाचाव्यात. पिकारला ब्रिगेडियर जनरल करताना त्याची ज्येष्ठता १० जुलै १९०३ पासून, म्हणजे तीन वर्षे मागे नेऊन धरण्यात आली. ड्रेफसला मेजरच्या तोडीचा हुद्दा दिला, पण तो कायदा जारी झाल्याच्या दिवसापासून! म्हणजे पिकारची बाहेर गेलेली वर्षे सेवेत जमा झाली आणि ड्रेफसची बेटावरील वर्षे हिशेबातून वगळली गेली. ज्याने अन्याय उघड केला त्याला भरपाई मिळाली, ज्याने तो सोसला त्याला मिळाली नाही. पिकारचा गौरव अनाठायी होता असे मुळीच नव्हे; तो त्याला मिळायलाच हवा होता. प्रश्न असा की जी मोजपट्टी एका हातात होती ती दुसऱ्या हाताला का सापडली नाही?

हा निव्वळ मानापमानाचा भाग नव्हता. ड्रेफस त्या वेळी सेहेचाळीस वर्षांचा होता. मेजर, मग लेफ्टनंट कर्नल, मग कर्नल आणि त्यानंतर जनरल. प्रत्येक पायरीवर काही वर्षे काढावी लागतात आणि वर वयाची मर्यादा असते. १९०६ पासून मोजणी सुरू केली की जनरलपदाची पायरी येण्याआधीच वय संपते. ज्या कायद्याने त्याला सैन्यात घेतले, त्याच कायद्याने त्याची वाट कुठे संपणार हेही ठरवून टाकले.

आठवडाभराने त्याच सैनिकी विद्यालयाच्या आवारात त्याला लीजन ऑफ ऑनर हे पदक देण्यात आले. तो तोफखान्यात रुजू झाला. ऑक्टोबर १९०६ मध्ये क्लेमान्सो पंतप्रधान झाले आणि त्यांनी संरक्षणमंत्रिपदी पिकारलाच बसविले. आता तरी ज्येष्ठतेची दुरुस्ती होईल, अशी ड्रेफसची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. ज्याच्या निर्दोषत्वावर मंत्रिमहोदयांची सारी प्रतिष्ठा उभी होती, त्याचाच हा अर्ज होता. पिकारने तो मान्य केला नाही. प्रकरण एकदाचे मिटले आहे, ते पुन्हा उकरू नये, हा राजकारण्यांचा हिशेब होता. कटात गुंतलेल्या अधिकाऱ्यांना १९०० सालच्या सर्वसाधारण माफीच्या कायद्याने आधीच अभय मिळालेले होते. सर्वांनाच शांतता हवी होती आणि त्या शांततेची किंमत एकट्या ड्रेफसने मोजावयाची होती. १९०७ च्या जूनमध्ये त्याने निवृत्ती मागितली, ऑक्टोबरात ती अमलात आली.

१९१४ साली युद्ध पेटले तेव्हा चौपन्न वर्षांचा हा राखीव अधिकारी पुन्हा रुजू झाला. प्रथम पॅरिसच्या संरक्षणासाठी आणि पुढे १९१७ मध्ये प्रत्यक्ष आघाडीवर, शेमां दे दाम आणि व्हर्दां येथे, त्याने तोफखान्यात सेवा केली. युद्धाच्या शेवटी राखीव दलात लेफ्टनंट कर्नल झाला. १२ जुलै १९३५ रोजी, निर्दोषत्वाच्या निकालाला बरोबर एकोणतीस वर्षे पूर्ण होत असताना, तो गेला. पॅरिसच्या मोंपार्नास स्मशानभूमीतील त्याच्या शिळेवर ‘लेफ्टनंट कर्नल’ हाच हुद्दा आहे.

आता आपल्याकडे वळू. भारतीय सेनेतील बढतीची रीत समजल्याशिवाय हा प्रश्न नीट कळणार नाही. २००४ च्या सुधारणांपासून अधिकारी तेरा वर्षांच्या सेवेनंतर लेफ्टनंट कर्नल होतो; येथपर्यंत काळ त्याला वर नेतो. त्यापुढे मात्र मनोरा निमुळता होत जातो. साधारण पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेला त्या तुकडीची, ज्याला सैन्यात ‘बॅच’ म्हणतात तिची, नावे कर्नलपदाच्या निवड मंडळासमोर येतात. मंडळ पाहते ते गोपनीय अहवाल, सांभाळलेली नेतृत्वाची जबाबदारी, पदके, अभ्यासक्रमातील गुण. तीन वेळा विचार होतो; तिसऱ्यांदाही नाव मागे राहिले तर निवडीचा मार्ग बंद. मग सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर केवळ कालमर्यादेने मिळणारे कर्नलपद उरते. त्यात हुद्दा तोच दिसतो, पण पुढची शिडी नसते. शिवाय हुद्द्यावर निवृत्तीचे वय अवलंबून आहे : कर्नल चौपन्नाव्या वर्षी, ब्रिगेडियर छप्पन्नाव्या, मेजर जनरल अठ्ठावन्नाव्या आणि लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी घरी जातो. म्हणजे ज्येष्ठतेची तारीख चुकली तर बढती चुकते, बढती चुकली तर निवृत्ती अलीकडे येते, आणि निवृत्ती अलीकडे आली की दाद मागावयाला सेवेतच कुणी उरत नाही.

अधिकाऱ्यावर खटला वा चौकशी चालू असेल तर त्याच्या बढतीवर निर्बंध येतो. हे योग्यच आहे. नागरी सेवेत यासाठी ‘मोहोरबंद पाकिटा’ची पद्धत आहे : निवड समिती त्याचाही विचार करते, निष्कर्ष पाकिटात बंद होतो आणि निर्दोष ठरल्यावर ते उघडले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली जानकीरामन प्रकरणात स्पष्ट केले की, पूर्णतः निर्दोष ठरलेल्याला, ज्या दिवशी बढती मिळाली असती त्या दिवसापासूनचे लाभ मिळाले पाहिजेत. थकलेल्या वेतनाबाबत मात्र प्रकरणाची परिस्थिती पाहण्याचा अधिकार न्यायालयाने प्रशासनाला ठेवला. तत्त्व उत्तम आहे. परंतु हे पाकीट सहा महिन्यांच्या वा दोन वर्षांच्या चौकशीसाठी शिवलेले आहे. जो माणूस आठ-नऊ वर्षे तुरुंगात आहे, त्याचे गोपनीय अहवाल कोण लिहिणार? त्याने कोणत्या पलटणीचे नेतृत्व केले म्हणून दाखविणार? पाकिटात घालावयालाच काही नसते. आणि मग निर्दोष सुटून आलेल्याला सांगितले जाते की, आपली नोंद अपुरी आहे.

वाचकांच्या मनात एव्हाना जे नाव आले असेल ते माझ्याही मनात आहे. लेफ्टनंट कर्नल प्रसाद श्रीकांत पुरोहित यांना मालेगाव स्फोट प्रकरणी नोव्हेंबर २००८ मध्ये अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांना जामीन दिला, तोवर जवळपास नऊ वर्षे ते तुरुंगात होते. जामिनानंतर ते सेवेत परतले. ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष मुक्त केले आणि केवळ संशय हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही हे सांगितले. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना कर्नलपदाची बढती मिळाली. १९९४ साली ते सेनेत अधिकारी झाले. म्हणजे पंधरा ते सतरा वर्षांच्या सेवेचा, निवडीचा जो काळ, तो नेमका तुरुंगातल्या वर्षांत येतो. ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द घडवून ज्यांनी राजकारण केले त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे; आज तो विषय नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ड्रेफस आणि पुरोहित यांची प्रकरणे एकसारखी आहेत असे म्हणण्याचा मोह आपल्यातील अनेकांना होतो. मला तो मान्य नाही. ड्रेफसच्या बाबतीत खरा हेर कोण हे सिद्ध झाले होते. मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी सहा माणसे प्राणास मुकली, शंभराच्या आसपास जखमी झाली, आणि ते कृत्य कुणाचे, या प्रश्नाला सतरा वर्षांनीही न्यायालयीन उत्तर मिळाले नाही. त्या सहा घरांना न्याय मिळाला असे कुणालाही म्हणता येणार नाही, आणि आपणही म्हणू नये. परंतु सैनिकाच्या ज्येष्ठतेपुरता प्रश्न वेगळा आहे. न्यायालयाने मुक्त केलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, एवढाच तो आहे.

येथेच पहिला आक्षेप येतो. सुटका ‘पुराव्याअभावी’ झाली तर पूर्ण ज्येष्ठता का द्यावी? जानकीरामन निकालातही थकबाकीपुरती ही शंका जागी ठेवली आहे, हे मान्य करावे लागेल. पण सैन्याच्या हाती स्वतःचे कायदे आहेत, स्वतःची चौकशीची यंत्रणा आहे. सुटकेनंतरही एखाद्याच्या वर्तनात शिस्तभंग आढळत असेल तर रीतसर नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे, शिक्षा करावी. ते करावयाचे नाही आणि ज्येष्ठताही द्यावयाची नाही, हा मधला मार्ग म्हणजे निकालाशिवाय दिलेली शिक्षा होय. रेनच्या न्यायालयाने ‘सौम्य परिस्थिती’ शोधून काढली होती, तिचाच हा प्रशासकीय अवतार.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो आणि तो सैन्यातील माणसेच घेतात. दहा वर्षे सैन्याबाहेर राहिलेल्या माणसाच्या हाती पलटण देता येईल का? शस्त्रे बदलली, संपर्कसाधने बदलली, सीमेवरील परिस्थिती बदलली. चुकीच्या हुकमाची किंमत जवान रक्ताने मोजतात. नेतृत्व ही कुणाला देण्याची नुकसानभरपाई नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊ नये. माझ्या मते उत्तर असे की, ज्येष्ठता आणि प्रत्यक्ष नेतृत्व या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. मागील तारखेपासून हुद्दा, वेतनश्रेणी, निवृत्तीचे वय आणि निवृत्तिवेतन देता येते. नेमणूक मात्र योग्यतेनुसार, आवश्यक तर प्रशिक्षणानंतर करता येते. प्रशिक्षण केंद्रे, मुख्यालये, अभिलेख कार्यालये अशा अनेक जागी वरिष्ठ अनुभवी माणसांची गरज असतेच.

इतरांच्या हक्काचे काय, असेही विचारले जाते. यादीत एक नाव वर घातले की खालची सगळी एकेक पायरी उतरतात. त्यासाठी अधिसंख्य पद निर्माण करण्याची सोय सरकारी व्यवहारात जुनीच आहे. कुणाच्याही वाट्याची जागा हिसकावून घ्यावी लागत नाही.

आणि हे आपल्याला जमत नाही असेही नाही. स्त्री अधिकाऱ्यांचे उदाहरण ताजे आहे. त्या सेवेतून बाहेर गेलेल्या नव्हत्या, पण बढतीच्या वाटेबाहेर मात्र ठेवल्या गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना स्थायी सेवेचा हक्क दिला. तेव्हा त्यांच्या बरोबरीचे पुरुष अधिकारी केव्हाच पुढे निघून गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये सेनेने खास निवड मंडळ बसविले, १९९२ ते २००६ या तुकड्यांतील २४४ स्त्री अधिकाऱ्यांचा १०८ जागांसाठी विचार केला आणि आपापल्या मूळ तुकडीनुसार त्यांना कर्नलपद दिले. त्यातही ज्यांची निवड झाली नाही त्यांना पुन्हा न्यायालयात जावे लागले, कारण कोणत्या वर्षापर्यंतचे गोपनीय अहवाल धरावयाचे यात गोंधळ होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तोही दुरुस्त करावयास लावला. मागील तारखेचे मंडळ, जुन्या नोंदींवर विचार, जादा जागा, हे सारे आपल्या सेनेने करून दाखविलेले आहे. निर्दोष सुटून परतलेल्या सैनिकासाठी तेच करण्यास कोणती अडचण असावी?

उशीर झाला की काय होते त्याचेही उदाहरण घरचेच आहे. लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी महिलेला १९८८ साली, तिने विवाह केला या कारणास्तव, सेवेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय अन्यायकारक होता हे फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले. मधे छत्तीस वर्षे गेली. परत घेण्याचे वय राहिले नाही, तेव्हा साठ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. रक्कम थोडी नाही. पण त्या बाई आज कोणत्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या अधिकारी म्हणून ओळखल्या गेल्या असत्या, याचे उत्तर त्या धनादेशावर नाही.

सशस्त्र दल न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झाले, २००९ पासून ते काम करू लागले, मुंबईतही त्याचे पीठ आहे. ही मोठीच सोय झाली. परंतु आजची रीत अशी की, सैनिकाने आधी निर्दोषत्वासाठी लढावे, मग सेवेत परत येण्यासाठी, त्यानंतर ज्येष्ठतेसाठी आणि अखेरीस त्या ज्येष्ठतेवर आधारलेल्या निवृत्तिवेतनासाठी. एकाच अन्यायासाठी चार लढाया. प्रत्येक वेळी नवा अर्ज, नवा वकील, नवी तारीख. मागणी साधी आहे. निर्दोष सुटलेला सैनिक सेवेत परत आला की त्याने अर्ज करण्याची वाट न पाहता सहा महिन्यांत मूळ तुकडीप्रमाणे त्याचा विचार व्हावा. खटल्यापूर्वीच्या नोंदी आधारभूत धराव्यात आणि तुरुंगातील काळाच्या कोऱ्या पानांचा त्याच्याविरुद्ध उपयोग करू नये. ज्येष्ठता नाकारावयाची तर कारणे लेखी द्यावीत. यासाठी संसदेने कायदा करण्याची गरज नाही, संरक्षण मंत्रालयाचे एक धोरणपत्र पुरेल.

आणि ते पत्र केवळ अधिकाऱ्यांपुरते नसावे. पुरोहितांसारख्या अधिकाऱ्यांचे नाव वृत्तपत्रांत येते, त्यांच्या बाजूने बोलणारे चारजण असतात. सातारा, कोल्हापूर, नगरकडच्या एखाद्या शिपायाला वा नाईकाला लष्करी न्यायालयाने काढून टाकले आणि वर्षांनंतर न्यायाधिकरणाने ती शिक्षा रद्द केली, तर त्याची बातमीही होत नाही. जवानाचा सेवाकाळ तर त्याच्या हुद्द्यावरच ठरतो. हवालदार झाला असता तर आणखी काही वर्षे राहिला असता, पुढे नायब सुभेदारही झाला असता. शिपाई राहिला म्हणून लवकर घरी गेला. निवृत्तिवेतनाला पंधरा वर्षांची सेवा लागते. ती भरावी म्हणून न्यायाधिकरण पुष्कळदा मधली वर्षे मानीव सेवा म्हणून धरते, आणि माणूस शिपायाचे निवृत्तिवेतन घेऊन गावी परततो. त्याच्याबरोबर भरती झालेले गावातले दोघे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असतात. ग्रामपंचायतीच्या ध्वजवंदनाला त्यांची खुर्ची पुढे असते. या माणसाच्या मधल्या वर्षांत कोणत्या बढत्या बसल्या असत्या, हे त्याच्या अभिलेख कार्यालयातील नोंदींवरून एखाद्या कारकुनाला दोन दिवसांत काढता येईल. तो हिशेब करण्यास कुणी सांगत नाही, म्हणून तो होत नाही.